चार वॉकी-टॉकी घेतल्या, आता बोलायचं कुठल्या चॅनलवर?

पुण्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपतं करून देते.

"आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. सुरुवातीला सोसायटीतले आणि ऑफिसातले आठ-दहा जण होतो, आता एकेका ट्रेकला तीस-पस्तीस होतात. मागच्या पावसाळ्यात तोरणा-राजगड करताना बुधला माचीच्या पुढे इतकं धुकं दाटलं, की पुढचे आणि मागचे असे दोन तुकडे पडले. बराच वेळ कोण कुठे आहे ते कळेना. फोनला रेंज नव्हती. त्यानंतर आम्ही ऑनलाइन चार चायनीज वॉकी-टॉकी मागवल्या. विकणाऱ्यानं 'लायसन्स लागत नाही' असं लिहिलं होतं. आता ग्रुपमधला एक जण म्हणतो, हे सेट नुसते जवळ बाळगणंसुद्धा बेकायदा आहे. दुसरा म्हणतो, एकानं हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दिली की सगळ्यांचं भागतं. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो दिवाळीत येताना तिकडचे फॅमिली वॉकी-टॉकी आणि सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र घेऊन येतो म्हणतोय. खरं काय धरायचं? आम्ही ट्रेकचे माणशी पैसे घेतो, त्यानं काही फरक पडतो का? आणि माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. घरात सेट आल्यापासून तिला हॅम रेडिओचं वेड लागलंय. तिला परीक्षा देता येईल का?"

ताई, आधी सगळ्यात निकडीचं सांगते. त्या चार सेटवर बोलणं आजपासून बंद करा. बॅटऱ्या काढून ठेवा आणि पुढच्या ट्रेकला ते सॅकमध्ये घालू नका. कारण सविस्तर सांगते, कारण ते नीट कळलं तर पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

तुम्ही खोक्याचा फोटो पाठवला हे बरं केलंत. त्यावर १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ असं छापलंय. अँटेना फिरवून काढता येते, समोर आकड्यांची बटणं आहेत आणि ताकद पाच वॅट लिहिली आहे. म्हणजे हा सेट या दोन्ही पट्ट्यांत तुम्ही जो आकडा दाबाल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलू लागतो. तिथे कोण आहे, बोलायची मुभा आहे का, हे तो विचारत नाही. आणि तिथे माणसं असतात. रेल्वेचे लोको पायलट आणि गार्ड ज्या वॉकी-टॉकींवर एकमेकांशी बोलतात, त्या यातल्या पहिल्या पट्ट्यात चालतात. समुद्रावरच्या बोटी मदतीची हाक मारतात तो चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तोही त्यातच. पोलीस, वन खातं, बंदरं, कारखाने यांना नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सी या दोन पट्ट्यांत विखुरलेल्या आहेत.

आता राजमाचीच्या बुरुजावर उभं राहून कुणी गमतीनं आकडे दाबून "हॅलो हॅलो" केलं, तर समोर बोरघाटातली लोहमार्गाची चढण उघडी पडलेली असते. पाच वॅटचा आवाज उंचावरून सहज तिथवर जातो. घाटात गाडीला मागून इंजिन जोडलेलं असताना पुढच्या आणि मागच्या माणसाचं बोलणं तुटणं म्हणजे काय, हे ज्यांनी तो घाट पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बोलणाऱ्याला आपण कुणाच्या मधे आलो हे कळतही नाही, कारण बटण दाबलेलं असताना आपला सेट ऐकू शकत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. दंडाची नंतर.

कायद्याचं म्हणाल, तर तुमचा पहिला मित्र बरोबर आहे. १९३३च्या बिनतारी कायद्यापासून आपल्याकडे नियम असा, की बिनतारी यंत्र वापरायलाच नव्हे तर बाळगायलाही परवाना हवा. २०२३च्या दूरसंचार कायद्यातही ते तत्त्व कायम आहे: एकतर सरकारची परवानगी हवी, नाहीतर ते यंत्र सूट दिलेल्या यादीत बसायला हवं. हे काम बघतो दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी हा कक्ष. देशात कुठली फ्रिक्वेन्सी कुणाची, हे तो ठरवतो.

तुमच्या उपयोगाची गोष्ट त्या सूट दिलेल्या यादीत आहे. २०१८ साली कमी ताकदीच्या यंत्रांना सूट देणारे जे नियम आले, त्यात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा हातात धरायच्या वॉकी-टॉकींसाठी मोकळा आहे. तिथे कुणाला परीक्षा द्यावी लागत नाही, वर्षाचं शुल्क नाही, नाव नोंदवायचं नाही. ट्रेकचे पैसे घेता म्हणूनही काही अडत नाही. मंगल कार्यालयवाला वापरू शकतो, मॉलचा सुरक्षारक्षक वापरू शकतो, तसे तुम्हीही. युरोपातही हाच पट्टा खुला आहे. तिथे त्याला पीएमआर ४४६ म्हणतात आणि ताकदीची मर्यादा अर्ध्या वॅटची आहे. तुम्हाला सेट घ्यायचे ते याच जातीचे.

घेताना दोन गोष्टी बघा. सेट फक्त ४४६.० ते ४४६.२ मध्येच बोलतो, असं खोक्यावर किंवा माहितीपत्रकात स्पष्ट हवं. "४०० ते ४७०" लिहिलेलं दिसलं की ठेवून द्या, मग विकणारा काहीही म्हणो. आणि त्या मॉडेलचं ईटीए प्रमाणपत्र मागा. हे प्रमाणपत्र डब्ल्यूपीसीकडचं असतं. यंत्र नियमात बसतं आणि देशात विकायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. चांगला विक्रेता त्याची प्रत लगेच पाठवतो. "सर, त्याची गरज नसते" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

इथे तुमच्या ग्रुपमधला एखादा हुशार मुलगा म्हणेल, "मग आपल्या जुन्या सेटवर ४४६.१ दाबू की, झालं काम." नाही झालं. सूट मोकळ्या आकड्याला नाही, त्या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या मान्य यंत्राला आहे. पाच वॅटचा, पाहिजे तिथे जाणारा सेट ४४६ वर लावला म्हणून त्याला सूट मिळत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय, की व्हिडिओ करून शिकवणारेही सर्रास तेच सांगतात.

जुन्या सेटचं काय करायचं? परत करा आणि पैसे मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या अशाच जाहिरातींमुळे काढाव्या लागल्या. फ्रिक्वेन्सी न सांगता, परवाना लागतो की नाही हे न सांगता, ईटीएचा पत्ता नसताना सेट विकले जात होते. तेव्हा "लायसन्स लागत नाही" ही ओळ असलेल्या पानाचा स्क्रीनशॉट, बिल आणि खोक्याचा फोटो जोडून विकणाऱ्याकडे आणि त्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करा. दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दुसऱ्याला जुन्या बाजारात विकून मात्र मोकळं होऊ नका, अडचण फक्त पुढच्या माणसाच्या गळ्यात जाते.

आता भाच्याचं. मायेनं आणतोय, पण नको म्हणून सांगा. अमेरिकेत घराघरात असतात ते एफआरएसचे सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथे त्यांना परवाना लागत नाही, म्हणून तिकडच्या माणसाला ते खेळण्यासारखे वाटतात. आपल्याकडे तो पट्टा मोकळा नाही. तिथेच जास्त ताकदीचे जीएमआरएस सेट आहेत. त्यांना अमेरिकेतही परवाना लागतो, ३५ डॉलर भरले की दहा वर्षं अख्ख्या कुटुंबाला चालतो. तो परवाना न्यूवर्क विमानतळापर्यंतच कामाचा. गंमत अशी, की युरोपातून येणाऱ्या पाहुण्याचा ४४६चा सेट आपल्याकडच्या पट्ट्याशी जुळतो, पण तोच अमेरिकेत परवान्याशिवाय वापरता येत नाही, कारण तिथे ४४६ हा हॅम लोकांच्या पट्ट्यात येतो. प्रत्येक देशानं आपापली वाटणी केलेली आहे. सेट सरहद्द ओलांडतो, परवानगी ओलांडत नाही.

आणि ते सॅटेलाइटवरचं यंत्र? त्याबाबत तर अगदी निक्षून सांगा. थुराया, इरिडियम यांचे सॅटेलाइट फोन आणि इरिडियमवर चालणारी मेसेज पाठवायची यंत्रं परवानगीशिवाय भारतात आणायला मनाई आहे, आणि विमानतळावर ती पकडली जातात. २०२४च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना अशाच यंत्रामुळे ताब्यात घेतलं गेलं. त्या बिचाऱ्या डोंगरात स्वतः सुरक्षित राहावं म्हणूनच ते यंत्र बाळगत होत्या. भाच्याला फराळाच्या आधी चौकीत बसवायचं नसेल, तर आजच फोन करा.

"सिम घालून चालणारी वॉकी-टॉकी" असंही काही तुम्हाला दुकानात दाखवतील. ती मोबाइलच्या जाळ्यावर चालते. शहरातल्या मिरवणुकीला, मॅरेथॉनला उत्तम. तुमच्या कामाची नाही, कारण जिथे फोनला रेंज नाही तिथे तिलाही नाही. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सिटिझन बँड म्हणून एक जुना मोकळा पट्टा आपल्याकडे आहे. पण लांब तरंगाला लांब अँटेना लागते आणि सेटबरोबर येणाऱ्या आखूड अँटेनावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ट्रेकला त्याच्या नादी लागू नका.

मग ४४६च्या अर्ध्या वॅटवर सह्याद्रीत भागेल का? भागेल, पण त्याची रीत समजून घ्यायला हवी, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. सेट विकणारा "रेंज दहा किलोमीटर" म्हणतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दोघांमध्ये मोकळी हवा असेल, तर अर्धा वॅटसुद्धा एका माचीवरून दुसऱ्या माचीवर सहज पोचतो. मधे डोंगराची सोंड आली, की दोनशे पावलांवरचा माणूसही गप्प होतो. तिथे पाच वॅट असते तरी फार फरक पडला नसता, कारण कातळ भेदण्याचं काम ताकदीनं होत नाही. हे कळलं की मोठ्या सेटचा मोह आपोआप सुटतो.

तुमची घटनाच घ्या. धुक्यानं माणसाची नजर अडते, या लहरी अडत नाहीत. पाऊसही त्यांना फारसा छळत नाही. छळतं ते भिजलेलं दाट रान, आणि वाट वळसा घेऊन सोंडेच्या पलीकडे जाणं. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून धारेनं जाताना पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा एकाच धारेवर आहेत तोवर बोलणं होईल. पुढचे डांबरी रस्त्याकडे उतरले आणि मागचे अजून वर झाडीत असले, की तुटेल. ज्या वेळी पुढचे संजीवनी माचीवर आळू दरवाजाशी पोचतील, त्या वेळी अंतर वाढलेलं असूनही पुन्हा लागेल, कारण दोन्ही उंच जागा एकमेकींना दिसतात. म्हणून एक सेट मधल्या माणसाकडे द्या. त्याचं काम एकच: धारेची चिंचोळी मान ओलांडताना, वळणावर किंवा खिंडीत थांबायचं, मागच्याचं ऐकून पुढच्याला सांगायचं आणि मग पुढे सरकायचं. माणशी एक सेट वाटण्यापेक्षा हा मधला माणूस नीट निवडलेला बरा. गप्पिष्ट नको, शांत डोक्याचा हवा.

निघण्यापूर्वी पायथ्याशी सगळे सेट एका चॅनलवर आणून एकमेकांना हाक मारून बघा. या पट्ट्यात साधारणपणे सोळा चॅनल असतात. त्यांना जोडून "प्रायव्हसी कोड" म्हणून आणखी आकडे दिलेले असतात, आणि इथेच बहुतेक ग्रुप फसतात. कोड लावला म्हणून तुमचं बोलणं गुप्त होत नाही. त्या चॅनलवर कुणीही ऐकू शकतो. कोडचा अर्थ एवढाच, की तुमचा सेट त्या विशिष्ट सुरासोबत आलेला आवाजच ऐकवतो आणि बाकीच्यांना दाबून टाकतो. शिवाय एका कंपनीचा ५ नंबरचा कोड दुसऱ्या कंपनीचा ५ नंबर असेलच असं नाही. डोंगरात कोड शून्यावर ठेवा. बाजूच्या ग्रुपच्या गप्पा ऐकू आल्या तर चॅनल बदला, पण एखादा चुकलेला माणूस त्याच्या सेटवरून हाक मारत असेल तर ती तुमच्या कानावर पडू द्या.

बोलण्याची शिस्त पहिल्याच ट्रेकला लावा. बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि मगच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. आणि मधेच आवाज तुटून "थांबू नका" मधला "नका" गेला तर काय होईल बघा, म्हणून नकार सांगताना वाक्यच बदलायचं: "चालत राहा." आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं. बोलून झालं की "ओव्हर". अँटेना उभी धरायची आणि सेट तोंडापासून चार बोटं लांब ठेवायचा. सॅकच्या तळाशी कोंबलेला सेट म्हणजे नसलेला सेट. तो खांद्याच्या पट्ट्याला, छातीशी हवा. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तरी आवाज नीट जातो. आणि हाक मारायच्या वेळा ठरवून घ्या. दर अर्ध्या तासाला मागचा पुढच्याला "सगळे आहेत, अमुक ठिकाणी आहोत" एवढं सांगेल. ठरल्या वेळी हाक आली नाही की पुढच्यांनी आहे तिथेच थांबायचं. माझ्या मते तुमच्या मागच्या पावसाळ्यातल्या प्रसंगावर खरा इलाज ही अर्ध्या तासाची हाकच आहे, सेट तिच्या सोयीसाठी.

"पण जिवावर बेतलं तर कुठलीही फ्रिक्वेन्सी वापरता येते ना?" असं मला नेहमी विचारतात. संकटात सापडलेल्यानं हाताशी असेल त्या साधनानं मदत मागावी, हे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतही मान्य आहे. पण त्या भरवशावर बेकायदा सेट सॅकेत ठेवू नये. अनोळखी फ्रिक्वेन्सीवर मराठीत मारलेली हाक ऐकायला कुणी बसलेलं नसतं. गावातला वाटाड्या, ट्रेकचा मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवलेला कागद, आणि रेंज येईल त्या टोकावरून ११२ला फोन, यांनी आजवर कितीतरी जास्त माणसं खाली आणली आहेत.

आता हॅमकडे येते. तुमचा दुसरा मित्र इथे चुकला आहे, आणि दोन ठिकाणी चुकला आहे. एक म्हणजे, हॅमचा परवाना माणसाचा असतो, ग्रुपचा नसतो. एकानं परीक्षा दिली तर तो एकटा बोलू शकतो, आणि तेही दुसऱ्या परवानाधारकाशी. चार सेटवर चार माणसं बोलणार असतील तर चौघांचेही परवाने हवेत. दुसरं जास्त महत्त्वाचं: हौशी रेडिओ हा शब्दशः हौशी आहे. धंद्याशी संबंधित बोलणं त्यावर चालत नाही. तुम्ही माणशी पैसे घेऊन ट्रेक नेता, मग त्या ट्रेकची व्यवस्था हॅमच्या पट्ट्यावर करता येणार नाही, नफा होत असो वा नसो. स्वतःची गाडी चालवायचं लायसन्स आहे म्हणून तिच्यात पैसे घेऊन प्रवासी बसवता येत नाहीत, तसं आहे हे. ट्रेकसाठी ४४६ आणि हौसेसाठी हॅम, ही विभागणी मनात पक्की ठेवा.

हे एवढं स्पष्ट सांगते, कारण गेल्या काही वर्षांत "स्वस्तात वॉकी-टॉकी वापरायची पळवाट" म्हणून हॅमची परीक्षा देणारे वाढले आहेत. त्यांचं फार नुकसान होतं. परवाना हातात येतो, दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि जे खरं आहे त्याची चवच लागत नाही.

खरं काय आहे ते एका उदाहरणानं सांगते. अंदमानात बऱ्याच वर्षांनी हौशी रेडिओला परवानगी मिळाली आणि २००४च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सोबती पोर्ट ब्लेअरला सेट लावून बसले होते. जगभरच्या हॅमना अंदमानसारख्या दुर्मीळ ठिकाणाशी बोलायला हवं असतं, म्हणून ते गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन गेले. बेटांवरून बाहेर बातमी जायची वाट बंद झाली, आणि त्या वेळी या हौशी लोकांच्या यंत्रांनी निरोपांची ने-आण केली. कोण सुखरूप आहे, कुठे काय लागतंय, हे मुख्य भूमीवरच्या हॅमनी ऐकून घरोघर कळवलं. ते शक्य झालं कारण ती माणसं रोज बोलणारी होती. त्यांना कुठल्या वेळी कुठला पट्टा उघडतो ते माहीत होतं, अर्धवट ऐकू येणाऱ्या आवाजातून नाव कसं टिपायचं ते माहीत होतं, आणि पलीकडे ऐकणारी माणसं ओळखीची होती. संकटाच्या दिवशी सेट विकत घेऊन यातलं काही येत नाही. नियमांत हॅमना एरवी परक्याचे निरोप पोचवायला बंदी असते, आपत्तीत मात्र ती सैल होते, ती याच कारणानं.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल वाचून मला फार आनंद झाला. तिला परीक्षा देता येईल. वयाची अट किमान बारा वर्षांची आहे. परवान्याच्या दोन पायऱ्या आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. तिनं रिस्ट्रिक्टेडपासून सुरुवात करावी. पेपरचे दोन भाग असतात, एक रेडिओच्या तंत्राचा आणि दुसरा नियमांचा. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळाले की पास. मोर्स कोड या पायरीला लागत नाही. जनरलला लागतो, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं. नववी-दहावीचं विज्ञान ज्याला समजतं, त्याला तंत्राचा भाग अवघड जाऊ नये. ओहमचा नियम, तरंगलांबी आणि वारंवारता यांचं नातं, डायोड, ट्रान्झिस्टर, अँटेनाची लांबी कशी ठरते, असं सगळं. नियमांचा भाग मात्र ती पाठ करायला कंटाळेल. तिथे तुम्ही शेजारी बसा, कारण तो तुम्हालाही कामाचा आहे.

अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. परीक्षा डब्ल्यूपीसीची केंद्रं घेतात. आपल्या बाजूला मुंबई, नागपूर आणि गोव्यात त्यांची केंद्रं आहेत. पास झाल्यावर आधी प्रमाणपत्र, मग परवाना आणि कॉल साइन, म्हणजे हॅमची रेडिओवरची ओळख, असा क्रम असतो. मधे पडताळणीत वेळ जातो, तिला धीर धरायला सांगा. परवान्याचं शुल्क वीस वर्षांना १,००० रुपये आणि तहहयात २,००० रुपये असं राहिलेलं आहे. नव्या दूरसंचार कायद्याखाली जुने नियम टप्प्याटप्प्यानं बदलले जात आहेत, त्यामुळे भरताना पोर्टलवरचा आकडा प्रमाण माना. पुण्या-मुंबईत हॅमच्या संस्था आहेत, हैदराबादला १९८३ पासून राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था आहे, तिथून अभ्यासाचं साहित्य मिळतं. एखाद्या जुन्या हॅमच्या घरी तिला एक रविवार घेऊन जा. पुस्तकातल्या दहा पानांचं काम तिथे एका दुपारी होतं.

रिस्ट्रिक्टेडची कॉल साइन व्हीयू३ नं सुरू होते, जनरलची व्हीयू२ नं. ती मिळेपर्यंत तिनं हॅमच्या सेटचं बटण दाबायचं नाही, हे आईच्या आवाजात सांगा. मिळाल्यावरही ज्या पट्ट्यात मुभा आहे तिथेच: हातातल्या सेटवर मुख्यतः १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून ती १४६.५२ लावेल. तो तिकडच्या हॅमचा एकमेकांना हाक मारायचा आकडा आहे, आपला पट्टा १४६ला संपतो. बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी स्वतःची कॉल साइन सांगायची, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, आणि कोणाशी कधी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोललो याची वहीत नोंद ठेवायची. ही वही पुढे तिला फार प्रिय होईल, बघा.

तोवर नुसतं ऐकायला काही हरकत नाही, आणि ऐकणं हाच निम्मा अभ्यास आहे. इंटरनेटवर वेबएसडीआर नावाचे रिसीव्हर आहेत. दुसऱ्या कुणाच्या गच्चीवरच्या अँटेनाला जोडलेला रिसीव्हर आपल्या घरच्या संगणकावरून हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावून ऐकता येतो. त्यासाठी ना सेट लागतो ना परवाना. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास लावून बसा. आपल्याकडचे हॅम गप्पा मारताना सापडतील, हिंदीत, इंग्रजीत, कधी मराठीतही. अंतराळ स्थानकावरच्या हॅम सेटचा आवाज १४५.८०० वर येतो. २०२५च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा आपल्या शाळकरी मुलांनी हॅम रेडिओवरूनच त्यांना प्रश्न विचारले होते. इस्रोनं २००५ साली पीएसएलव्हीवरून खास हॅमसाठी हॅमसॅट हा छोटा उपग्रहही सोडला होता. हे सगळं तिला सांगा. अभ्यासाला बसवायला यापेक्षा वेगळं काही सांगावं लागणार नाही.

एक शेवटचं, तिच्याच निमित्तानं. तिचा परवाना आल्यावर ती ट्रेकला येईल तेव्हा तिच्याजवळ हॅमचा सेट असेल आणि तुमच्याजवळ ४४६चा. तिनं गडावर पोचल्यावर स्वतःच्या हौसेनं पुण्यातल्या दुसऱ्या हॅमला हाक मारली तर खुशाल मारू द्या, गडमाथ्यासारखी जागा तिला कुठे मिळणार नाही. फक्त "आई म्हणतेय जेवणाची ऑर्डर तीस माणसांची सांग" असा निरोप तिच्याकडून पाठवू नका. तो धंद्याचाही आहे आणि परक्याचाही. त्यासाठी खाली रेंज येईपर्यंत थांबा आणि जेवणवाल्या मामांना फोन करा.